हे विरहगीत नाहीच

इटालियन प्रेमगीतं म्हणजे नुसती रडारड, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या ‘लेलिझीर दामोरे’ या ऑपेरातलं (मिलान, १८३२) ‘ऊना फुर्तीवा लाग्रिमा’ ऐका. अर्थ ‘एक चोरटा अश्रू’, म्हणून लोक त्याला विरहगीत समजतात. पण तो अश्रू नायिकेच्या, अदीनाच्या डोळ्यातला! तो पाहून हे गाणं गाणाऱ्या भोळ्याभाबड्या नायकाला, नेमोरिनोला कळतं, हिचा माझ्यावर जीव आहे. जन्मभराचं सुख हाती आलंय, आणि चाल मात्र उदास. आधी बासून, ते जाड आवाजाचं फुंकवाद्य, दबक्या सुरात रडल्यासारखं वाजतं. मग ‘मामा’, म्हणजे ‘ती माझ्यावर प्रेम करते’, या शब्दांपाशी सूर अचानक उजळतात. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. शेवटी तो म्हणतो, आता मरण आलं तरी चालेल, आणखी काही मागणं नाही.

खरं दुःख हवं तर ‘कोरे न्ग्रातो’ (‘कृतघ्न हृदय’) हे गाणं आहेच. १९११ साली न्यूयॉर्कमधल्या इटालियन स्थलांतरितांनी नेपल्सच्या बोलीत रचलेलं. त्याच वर्षी प्रसिद्ध ऑपेरा गायक कारुसोने ते रेकॉर्ड केलं. त्यातली प्रेयसीला घातलेली ‘कातारी, कातारी’ ही हाक ऐकताना भाषा कळायची गरजच पडत नाही.