‘द मिशन’मधले ओझे : प्रायश्चित्त की कृपा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या चर्चागटाच्या पुढच्या बैठकीत रोलंड जॉफे यांचा ‘द मिशन’ (१९८६) हा चित्रपट पाहून त्यातील दया आणि उद्धार या ख्रिस्ती कल्पनांवर बोलायचे ठरले आहे, आणि प्रास्ताविक माझ्याकडे आले आहे. चित्रपट मी दोनदा पाहिला, पण एका जागी अडलो आहे.

दक्षिण अमेरिकेतील गुआरानी या आदिवासी लोकांना पकडून गुलाम म्हणून विकणारा मेंडोझा (रॉबर्ट डी नीरो) रागाच्या भरात आपल्या भावाला ठार करतो. ते द्वंद्व असल्यामुळे कायदा त्याला हात लावू शकत नाही. मात्र तो स्वतःच अन्नपाणी टाकून एका खोलीत पडून राहतो. गुआरानींमध्ये काम करणारे जेझुइट धर्मगुरू फादर गॅब्रिएल (जेरेमी आयर्न्स) तेथे येऊन त्याला प्रायश्चित्त स्वीकारायचे आव्हान देतात. पुढे तलवारी आणि चिलखत भरलेले जाळे दोराने अंगाला बांधून तो गुआरानींच्या वस्तीकडे जाणारा धबधब्याशेजारचा कडा चढतो. माझा प्रश्न असा आहे की, देवाची क्षमा ही विनामूल्य कृपा असेल, तर हे ओझे कशासाठी? हा माणूस क्षमा कष्टाने विकत घेतो आहे, असे नाही का वाटत?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर ओझ्यात न शोधता दोर कोण कापतो यात शोधावे, असे मी सुचवेन. दोर दोनदा कापला जातो. पहिल्यांदा, चढण अर्धवट असताना, एका तरुण धर्मबंधूला (लियाम नीसन) ते हाल पाहवत नाहीत आणि तो दोर तोडतो. जाळे घरंगळत खाली जाते. मेंडोझा काही न बोलता उतरतो, ते पुन्हा बांधतो आणि पुन्हा चढू लागतो. दुसऱ्यांदा, माथ्यावर पोहोचल्यावर, चिखलाने माखलेल्या मेंडोझाकडे एक गुआरानी माणूस सुरी घेऊन धावत येतो आणि ती त्याच्या गळ्याला लावतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग तीच सुरी दोरावर चालते आणि जाळे नदीत ढकलले जाते. मेंडोझा हुंदके देऊन रडू लागतो, गुआरानी हसू लागतात आणि ते हसू त्याच्याही चेहऱ्यावर उतरते.

धर्मबंधूने दाखवली ती कणव होती, आणि ती खरीही होती. पण ज्याचे आप्त मेंडोझाने विकले, त्याच्या हातची ती नव्हती. म्हणूनच ती सुटका मेंडोझाला स्वीकारता आली नाही. माथ्यावर मात्र सूड घेण्याचा हक्क ज्याच्यापाशी आहे, तोच तो हक्क सोडून देतो. चढून आल्याचे वेतन म्हणून हे मिळालेले नाही, कारण चढणारा स्वतः तर गळा कापला जाण्याच्याच तयारीने आला असावा.

प्रतिसाद २

वरील विवेचनात थोडी भर घालतो. कॅथलिक परंपरेत पापक्षमा आणि प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरू सामान्यतः क्षमेचे शब्द आधी उच्चारतात आणि नेमून दिलेले प्रायश्चित्त माणूस त्यानंतर करतो. त्यामुळे त्याला क्षमेचे शुल्क म्हणता येत नाही. पापाने माणसात आणि नात्यात जी मोडतोड झाली, तिची डागडुजी म्हणजे प्रायश्चित्त. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातली जक्कय या जकातदाराची गोष्ट (अध्याय १९) याच क्रमाने जाते. येशू त्याच्या घरी उतरायचे आधी ठरवतो आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा जक्कय नंतर करतो. चित्रपटातही गॅब्रिएल त्या खोलीत न बोलावता गेलेले आहेत, हे विसरू नये. कृपेची सुरुवात कड्याच्या माथ्यावर झाली असे मी तरी मानत नाही.

कड्यावरच्या प्रसंगानंतर मेंडोझा बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचतो, ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’. हा उतारा लग्नसमारंभांत इतक्यांदा ऐकलेला असतो की कान बधिर झालेले असतात. येथे तो एका गुलामविक्याच्या तोंडून येतो, म्हणून टोचतो.

प्रतिसाद ३

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याने दोर कापला त्याच्या मनात काय चालले होते, हे चित्रपट आपल्याला सांगत नाही. क्षमा करणारा मूक राहतो आणि क्षमा मिळालेल्याचे अश्रू पडदाभर दिसतात. गुआरानींच्या भूमिका कोलंबियातील वाउनाना लोकांनी केल्या आहेत. त्यांचे चेहरे बोलके आहेत, पण कथा अखेर युरोपीय माणसाच्या उद्धाराचीच राहते. दयेवर बोलताना ती देणाऱ्याला किती किंमत पडली, हा प्रश्न गटापुढे ठेवावा, नाहीतर चर्चा फार गोड होईल.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दोर दोनदा कापला जातो हे मी पाहिले होते, पण त्यातला फरक ध्यानात आला नव्हता. तिसऱ्या प्रतिसादातील आक्षेपही मी मांडणार आहे. एक उपप्रश्न आहे. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातील १७५० च्या माद्रिद करारानंतर जेझुइटांनी गुआरानींसाठी उभारलेली वसाहत पोर्तुगिजांकडे जाणार हे ठरल्यावर मेंडोझा पुन्हा शस्त्र उचलतो. मग त्याचा उद्धार फसला असे म्हणायचे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

फसला असे मी म्हणणार नाही. पूर्वी तो गुआरानींना पकडण्यासाठी शस्त्र चालवत होता, आता त्यांच्या बाजूने चालवतो. तरीही गॅब्रिएल त्याला आशीर्वाद नाकारतात, आणि नाकारून झाल्यावर आपल्या गळ्यातला क्रूस त्याच्या हाती देतात. मतभेद कायम आणि नातेही कायम, असा तो क्षण आहे. त्यातून कोणाचा मार्ग बरोबर हे ठरवण्याच्या भानगडीत चित्रपट पडत नाही. ख्रिस्तप्रसादाचे पात्र हातात धरून चालत निघालेले गॅब्रिएलही गोळीला बळी पडतात आणि लढणारा मेंडोझाही.

माझ्या मते आपण सर्वांनी एका पापी माणसाकडे दुर्लक्ष केले आहे. वसाहती सोडून देण्याचा निर्णय देणारे आल्तामिरानो हेही चर्चचेच प्रतिनिधी आहेत, आणि आपण काय करत आहोत हे त्यांना पुरते ठाऊक आहे. संहार झाल्यावर त्यांना सांगितले जाते की जग असेच आहे. त्यावर ते म्हणतात, जग असे आपण केले आहे, मी केले आहे. शब्दांनी ही पूर्ण पापकबुली आहे, पण ती ऐकून दोर कापू शकतील असे बहुतेक लोक तोवर मारले गेलेले असतात. आपल्या बैठकीत श्रेयनामावली संपेपर्यंत कोणालाही उठू देऊ नका. तिच्यानंतर आल्तामिरानोंचा चेहरा पुन्हा एकदा येतो आणि ते थेट प्रेक्षकांकडे पाहतात.