पॅनेलचं दार उघडं, समोर पेडेस्टल फॅन: हे थांबणार कधी?

पॅनेलवाला_अंबड:
एप्रिल लागला की नाशिकच्या अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये शिरा, दृश्य ठरलेलं. मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह 'ओव्हर टेम्परेचर' दाखवून ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, कुणीतरी तो ज्यात बसवलाय त्या इलेक्ट्रिक पॅनेलचं दार सताड उघडतं, ऑपरेटरच्या अंगावरचा पेडेस्टल फॅन ओढून पॅनेलपुढे उभा करतं आणि पहिला पाऊस पडेपर्यंत ते दार काही मिटत नाही. ऑपरेटर बिचारा घामाने निथळतोय. ज्या गावात स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) बनवणाऱ्यांची रांग आहे, त्याच गावातल्या शेडमध्ये ही तऱ्हा!

माझं म्हणणं, दार बंद ठेवा आणि फॅन हिशोबाने लावा. २२ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर साधारण ३ टक्के, म्हणजे ६५० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. १८०० बाय ८०० बाय ४०० मिलिमीटरचं पॅनेल भिंतीला टेकून उभं असेल, तर मोकळा पत्रा सव्वातीन चौरस मीटरला थोडा कमी. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साडेपाच वॅट बाहेर टाकतो. आत बाहेरपेक्षा १० अंश जास्त चालतील असं धरा, पत्र्यातूनच पावणेदोनशे वॅट गेले. उरले ४७५. त्याला ३.१ ने (हवेचा ठरलेला गुणक) गुणा, त्या १० अंशांनी भागा: तासाला १४७ घनमीटर हवा हवी.

चार इंची फॅनच्या कॅटलॉगात १६० च्या आसपास आकडा दिसतो, म्हणून लोक तोच बसवतात आणि फसतात. तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे फिल्टर आणि वर जाळी आली की त्यातली निम्मी हवा मिळाली तरी नशीब. सहा इंची घ्या. तो खाली बसवा, आत फुंकणारा, फिल्टरसकट. बाहेरची जाळी वर, समोरच्या अंगाला. वर एक्झॉस्ट लावून हवा ओढली की केबल आत शिरते तिथल्या प्रत्येक सैल ग्लँडमधून, दाराच्या फटीतून धूळ आत येते. हे इतक्या ठिकाणी उलटं दिसतं की आता बोलायचा कंटाळा आलाय.

शिफ्टइन्चार्ज_सातपूर:
हिशोब झकास. पण दुपारी तीनला लाइन उभी राहिली की कॅल्क्युलेटर घेऊन कोण येतं? मी येतो, पाना आणि पेडेस्टल फॅन घेऊन, आणि दहा मिनिटांत मशिन चालू करून देतो.

तुमच्या फिल्टर फॅनची खरी गोष्ट सांगू? नवीन पॅनेल येतं तेव्हा फिल्टर पांढरा असतो. पंधरा दिवसांनी करडा, महिन्याने काळा. स्टोअरला मॅट, म्हणजे फिल्टरची बदलायची गादी, मागितली तर "इंडेंट टाका", म्हणजे लेखी मागणी द्या. इंडेंटवर सही होईस्तोवर श्रावण उजाडतो. तोवर फॅन घरघरतोय आणि हवा शून्य. बंद दार आणि चोंदलेला फिल्टर यापेक्षा उघडं दार शंभर पटीने बरं. २२ वर्षं हेच केलंय, पॅनेलं अजून उभी आहेत.

पॅनेलवाला_अंबड:
पॅनेलं उभी आहेत, आतले ड्राइव्ह किती बदलले ते सांगा की. ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं. ट्रिप झाला नाही म्हणजे वाचला असं नाही.

आणि ४१५ व्होल्टचे टर्मिनल उघडे ठेवून शेजारून ट्रॉली, शिडी, पोरं जातात, त्याचं काय? मॅटचा मुद्दा मात्र मान्य. मॅट स्वस्त असते, दोन डझन कपाटात आणून ठेवा, इंडेंट गेला उडत.

ग्राइंडिंगवाला:
दोघांनाही नाही म्हणतो. आमच्याकडे कास्ट आयर्नचं ग्राइंडिंग. ती भुकटी हवेत तरंगते आणि वीज वाहून नेते. एका मे महिन्यात दार उघडं ठेवलं, फॅन समोर. तिसऱ्या आठवड्यात बसबारवर (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांवर) असा फ्लॅश झाला की एमसीसीबीचं, म्हणजे मेन ब्रेकरचं, तोंड काळं. नशीब, माणूस लांब होता. आम्हीच भुकटी फॅनने आत फुंकत होतो.

पण फिल्टर फॅनसुद्धा इथे कामाचा नाही. कूलंटची वाफ मॅटवर बसते आणि तिचा चिखल होतो. त्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४२-४३ असतात. फॅन कितीही मोठा लावा, बाहेरपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? बऱ्याच मेकचे ड्राइव्ह ४० पर्यंत पूर्ण लोड देतात, पुढे दर अंशाला १ टक्क्याच्या आसपास उतरवावं लागतं. आम्ही पॅनेल एसी लावला, दार सील केलं. विषय संपला.

शिफ्टइन्चार्ज_सातपूर:
एसीचा विषय जुलैत सुरू होतो साहेब. आमच्या एका पॅनेलला होता. कुणीतरी २२ वर सेट केला, दाराचं गास्केट फाटलेलं, बाहेर पावसाळी दमट हवा. पीएलसीच्या (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कार्डावर दव! ड्रेनची नळीपण मुरगळलेली.

ग्राइंडिंगवाला:
२२ वर कोण लावतं? ३५ वर ठेवायचा. पॅनेलला हुडहुडी भरवायची नसते.

निफाडकर:
तुमचं शेडमधलं भांडण वाचून मजा येतेय. आमचा पंपाचा स्टार्टर बॉक्स द्राक्षबागेत, उन्हात. त्याला फॅन लावला तर पाल आत जाऊन कॉन्टॅक्टरवर (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) बसते. एकदा अशीच चिकटून गेली, मोटर एका फेजवर घरघरत राहिली. वर पत्र्याची टोपी केली, दोन बोटं अंतर सोडून, आणि बॉक्स पांढरा रंगवला. थेट ऊन अडवलं की निम्मं काम होतं. जाळी बारीक हवी, एवढंच.

आणि थंडीत निफाडला पारा ५ च्या खाली जातो तेव्हा आम्ही उलट बॉक्समध्ये ४० वॅटचा बल्ब लावून ठेवतो, दव धरू नये म्हणून. ज्याचं त्याचं दुखणं वेगळं.

ड्रॉइंगरूम:
उष्णता आत येऊ देऊन मग बाहेर काढायची कसरत करता कशाला? ड्राइव्हचा हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणारा पंखांचा भाग, मागच्या पत्र्यातून बाहेर काढून फ्लँज माउंट करा. बरेच मेक ती सोय देतात. बहुतेक उष्णता आत येतच नाही, दार बंदच राहतं, उरलेल्याला छोटा फॅन पुरतो. पॅनेल भिंतीला मात्र चिकटवायचं नाही. ऑर्डर देताना हे कुणी विचारत नाही, सगळे फक्त रेट विचारतात.

शिफ्टइन्चार्ज_सातपूर:
ते नवीन पॅनेलला. माझं १२ वर्षांपूर्वीचं आहे, मागे भिंत आहे.

असो. काल दुपारी थर्मामीटर लावला. दार बंद, जुनी मॅट: वरच्या बाजूला ५७. मॅट बदलून तासाने: ५०. शेडमध्ये ४१. दार उघडून, फॅन समोर: ४६. म्हणजे चार अंशांनी मीच पुढे आहे.

पॅनेलवाला_अंबड:
फॅन कितीचा आहे तुमचा, चार इंची ना?

शिफ्टइन्चार्ज_सातपूर:
हो. सहा इंचीचा इंडेंट टाकलाय.