‘वॉश’ला मराठीत काय म्हणायचं? हात, पुट की आणखी काही?

लेकीची चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली, आता ती शाई आणि ब्रशनं चित्रं काढायला शिकतेय. समोर वेरूळच्या लेण्यांच्या जुन्या छापील चित्रांच्या प्रती आहेत, इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलनं १८०३ मध्ये छापलेल्या संचातल्या. सर सांगतात, “आधी पातळ वॉश दे, मग टोन वाढव.” वॉश म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा थर. घरी आई विचारते, “ही कपडे धुते का तिथं?” ‘प्रक्षालन’ म्हटलं तर पाय धुतल्यासारखं वाटतं. टोनला ‘छटा’ चालेल का?

—

ताई, शब्द तर घरातच आहे. भिंत रंगवणारे “दोन हात मारले” म्हणतात ना? तसा शाईचा हात. पहिला हात पातळ, तो वाळल्यावर दुसरा.

—

हात ठीक, पण भिंतीवरचा हात खालचं सगळं झाकतो. वॉशमधून कागद दिसलाच पाहिजे, उजेड तिथूनच येतो. म्हणून ‘पातळ हात’ म्हणा. ‘पुट’ तर मुळीच नको, पुट धुळीचं बसतं.

आणि टोनला छटा म्हणू नका. छटा म्हटलं की रंग आठवतो, निळ्याची छटा, गुलाबीची छटा. टोन म्हणजे निव्वळ गडद-फिकेपण. लाल मिरची आणि हिरवं पान यांचा काळा-पांढरा फोटो काढा, कधीकधी दोन्ही सारखेच करडे दिसतात. मी ‘गडदपणा’ म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, पण फसवत नाही.

—

सरांनी ही चित्रं विचार करून दिलेली दिसतात. ती अ‍ॅक्वाटिंट आहेत, म्हणजे वॉशचा भास छापून आणायची रीत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून तापवायची, मग पत्रा आम्लात ठेवायचा. कणांच्या मधली जागा खाल्ली जाते, तिथं शाई धरते. फिकं हवं तो भाग वार्निशनं झाकायचा, पत्रा पुन्हा आम्लात. जितका वेळ जास्त तितका काळा. त्यामुळे गडदपणा पायरीपायरीनं चढतो आणि शिकणाऱ्याला त्या पायऱ्या मोजता येतात. फोटोत हे जमत नाही, तिथं सगळं एकमेकांत विरघळलेलं असतं. म्हणून मला ‘पायरी’ आवडतो. “चार पायऱ्यांत बसव” म्हटलं की पोराला लगेच कळतं.

जाता जाता, हा संच चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेला. त्याच सुमारास पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांनीही वेरूळ रेखाटलं होतं. त्यांचं नाव मात्र कमी घेतलं जातं.

—

शब्द नंतर पाहा भाऊ, आधी नागपूरचं ऊन पाहा! मे महिन्यात इकडे हात पुरा होत नाही तर तिकडे वाळून जाते. मग वाळलेल्या काठावर ओला ब्रश लागला की काळी रेघ उठते. मी तिला ‘बांध’ म्हणतो, वावरातल्यासारखा. कूलरच्या खोलीत बसा, पण हवा कागदावर नको. अन् शाई आधीच भरपूर कालवून ठेवा, मधे-मधे पाणी घालत बसलं की गेलं.

—

लेक जुनी चित्रं बघून काढतेय, म्हणजे नक्कलच की! ‘नक्कल’ म्हटलं की आपल्याला परीक्षा आठवते, पण तहसीलमधली सातबाराची नक्कल चांगली अधिकृत असते! डच चित्रकार रेम्ब्रांटनंही १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल चित्रांच्या नकला केल्या, तपकिरी शाई आणि वॉशमध्ये. त्यातल्या वीसहून जास्त आजही आहेत. मुघलांकडे शाईच्या रेषेवर हलका रंग देण्याच्या पद्धतीला ‘नीम कलम’ म्हणत, अर्धी कलम. ‘शाई’सुद्धा फारसीतल्या ‘सियाही’वरून आली, म्हणजे काळेपणा. आणि आपण खुशाल निळी शाई म्हणतो.

—

सगळ्यांचे आभार. लेकीच्या वहीत आता ‘पातळ हात’ आणि ‘पायरी’ आलेत, सर अजून वॉशच म्हणतात. कैलास लेण्याच्या शिखरावर दोन बांध पडलेच. ते तिनं टाकानं आणखी काळे करून खडकाच्या भेगा करून टाकल्या.