कॉलेज कबड्डी: कोपरा घोटा धरतो, तरी चढाईपटू निसटतो. बचाव कसा घडवायचा?

शिट्टीवाले सर:
नमस्कार मंडळी. सोलापुरात कॉलेजच्या मुलांचा संघ आहे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला सहा आठवडे उरलेत. चढाईची काळजी नाही, तिघं जण गुण आणतात. गळतोय तो बचाव. डावा कोपरा, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, घोटा धरतो, चांगला धरतो, पण चढाईपटू त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. बाकीचे एक तर बघत राहतात, नाही तर पाच जण एकदम अंगावर पडतात. मग तो निसटला की पाचही बाद आणि दोन चढायांनी लोण, म्हणजे अख्खा संघ बाद.

सराव ५ ते ६.३०, कारण मोहोळ आणि अक्कलकोटच्या पोरांना एसटी गाठायची असते. मॅट नाही, मैदान काळ्या मातीचं. खेळाडू बारा. ताकद कमी पडते म्हणून जोर-बैठका वाढवू, की हात धरून उभ्या राहणाऱ्या बचावाच्या साखळीतच काही चुकतंय?

डावा कोपरा:
सर, जोर-बैठका करा, पण त्यांनी हे दुखणं जाणार नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोचा चढाईपटू मध्यरेषेकडे आधीच कललेला असतो. एकट्या कोपऱ्याने त्याला जागच्या जागी खिळवावं ही अपेक्षाच चुकीची. कोपऱ्याने त्याला एका पायावर आणून क्षणभर अडकवायचं. पाडायचं काम इनचं (कोपऱ्याच्या शेजारचा) आणि कव्हरचं (इनच्या आतल्या बाजूचा). तुमच्या वर्णनात हा दुसरा माणूस कुठेच नाही.

आधी मोजून घ्या. सरावाचे दोन सामने खेळवा आणि फसलेली प्रत्येक पकड वहीत चारपैकी एका खान्यात टाका: घाई झाली, हात सुटला, दुसरा उशिरा आला, स्वतःहून बाद. शक्य असेल तर अंतिम रेषेच्या मागे, जरा उंचावर मोबाईल लावा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. कोपऱ्याचा हात लागल्यापासून दुसऱ्याचा हात लागेपर्यंत चित्रं मोजायची. १५ म्हणजे अर्धा सेकंद. त्याहून जास्त वेळ गेला तर चांगला चढाईपटू निघून जातो, पहिली पकड कितीही घट्ट असो.

जागेचा हिशेबही पोरांना मैदानावर चालून दाखवा. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत किमान एकदा ओलांडायची) ३.७५ मीटर, बोनस रेषा (जादा गुणाची) ४.७५, अंतिम रेषा ६.५. पावणेसहा फुटांचा पोरगा हात लांबवून आडवा पडला की दोन मीटरहून जास्त अंतर व्यापतो. म्हणजे निदान रेषेवर धरून त्याला पुढे तोंडावर पडू दिलं तर मध्यरेषेला बोट लागायला जेमतेम दीड मीटर उरतो. म्हणून पकड खोलात घ्यायची, बोनस रेषेच्या आसपास किंवा मागे, आणि त्याला अंतिम रेषेकडे वळवून पाडायचं.

आता घोटा. पोरं बोटांत बोटं गुंतवून धरतात. पायाला हिसका बसला की बोटं उघडतात, कधी मोडतातही. एक तळवा टाचेच्या वरच्या शिरेमागे, दुसरा त्यावर, अंगठे बोटांच्याच बाजूला. खांदा नडगीला टेकलेला. डोकं त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, दोन पायांच्या मध्ये कधीच नाही, नाही तर दुसरा गुडघा कपाळावर बसतो. धरल्यावर पाय जमिनीवर दाबून ठेवू नका. गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलून आपल्या पोटाकडे ओढा. जमिनीवर राहिलेल्या पायाने तो रेटा देतो आणि फरफटत नेणं तिथूनच सुरू होतं.

वेळ साधायची ती पाय परत जाताना. पायाने टिपायला तो पुढे येतो तेव्हा त्याचं वजन मागच्या पायावर असतं आणि पुढचा पाय हलका, झटकन ओढून घेता येईल असा. तो परत घेताना टेकला आणि वजन त्यावर आलं, की धरायचा. त्याआधी झेप घेतली तर हातात माती येते.

दुसऱ्या माणसाचं काम याहून अवघड, आणि कॉलेजात ते कोणी शिकवत नाही. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्या इनने त्याच पायाकडे जायचं नाही. त्याने मांडी किंवा कंबर धरायची, छाती चढाईपटूच्या अंगाला चिकटलेली. कव्हरने त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये शिरून वाट बंद करायची. तिघांत तीन कामं. चौथा आला तर हरकत नाही, पण पहिल्या दोघांचे हात पक्के बसेपर्यंत त्याने थांबावं. पाच जण पडतात तेव्हा निम्मे आपल्याच माणसाच्या अंगावर पडलेले असतात.

साखळीबद्दल एकच. हात धरायचे ते अंतर राखायला, ओढायला नाही. कोपरा झेपावला आणि इनने हात सोडलाच नाही, तर कोपऱ्याचा खांदा मागे खेचला जातो आणि दोन्ही हात घोट्यापर्यंत पोचतच नाहीत. बोटं न गुंतवता चार बोटांची आकडी करा, ती आपोआप सुटते. सोलापुरात जुन्या चादरीची ददात नाही. सव्वा मीटरची पट्टी फाडा, एक टोक कोपऱ्याच्या हातात, दुसरं इनच्या. चढाईपटू डावी-उजवीकडे सरकेल तसं दोघांनी सरकायचं, पट्टी ताणायची नाही आणि जमिनीलाही लागू द्यायची नाही. रोज चार मिनिटं. आठवड्याने पट्टी काढून टाका.

मुख्य सराव अर्ध्या रुंदीत घ्या. कोपरा, इन, कव्हर आणि समोर एक चढाईपटू, २० सेकंदांची चढाई. आठ चढाया झाल्या की तिघं बदला. गुण द्यायचा तो दुसऱ्याचा हात अर्ध्या सेकंदात पोचला तरच. कोपऱ्याने एकट्याने पाडला तरी शून्य. पोरं कुरकुरतील. पण हा नियम ठेवलात तर इनमधला मुलगा चढाईपटूचे पाय सोडून कोपऱ्याचे खांदे बघायला शिकतो, आणि झेप घेण्याआधी खांदे खाली जातातच.

रेषापंच:
वरचं सगळं ठीक, पण "स्वतःहून बाद" हा खाना सरांनी हलक्यात घेऊ नये. कॉलेजच्या सामन्यांत फुकटचे गुण तिथेच जातात.

पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. त्यातल्या दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉबी सोडल्या तर खेळायला ८ मीटर रुंदी. स्पर्श होण्याआधी बचावपटूचा पाय लॉबीत पडला की तो बाद. साखळी कडेला सरकते आणि कोपऱ्याला शेजाऱ्याचा धक्का लागून पाय रेषेबाहेर जातो. चूक इनची, बाद कोपरा. कोपऱ्याने रेषेपासून एक पाऊल आत उभं राहण्याची सवय लावा.

दुसरं, झटापटीत अंगाचा एखादा भाग मैदानात टेकलेला असेल तोवर बाहेर टेकल्याने खेळाडू बाद होत नाही. हे ठाऊक नसल्याने पोरं हात बाहेर टेकला की पकड सोडून देतात. उलट बाजूही शिकवा. बाद झालेल्या बचावपटूने पकडीला हात लावला तर चढाईपटू नाबाद ठरतो. बाहेर गेलेल्याने हात वर करून दूर राहायचं. कपडे, केस धरणं आणि पायांची कैची चालत नाही. हातपाय आणि धड, एवढंच.

मैदानावर किती उरलेत ते प्रत्येकाच्या डोक्यात हवं. बोनस सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच मिळतो. पाच उरल्यावर बोनस रेषेवर पाय टाकायला त्याला कारणच नाही, तरी पोरं तिथेच राखण करत बसतात. तीन किंवा कमी उरले तर अव्वल पकडीचे दोन गुण. तेव्हा दोन-एक असं उभं राहून एका बाजूला मुद्दाम जागा मोकळी ठेवता येते. सात असताना दोन-तीन-दोन (डावीकडे, मधे, उजवीकडे), पाच असताना दोन-एक-दोन हे नेहमीचं.

तालमीतला:
कुस्तीच्या अंगाने थोडं. मांडी धरताना मान वाकडी राहिली तर ती दुखावतेच. पहिले दोन आठवडे रोज मानेचा पूल, २० सेकंदांचे चार. घोटा धरणाऱ्यांना ओल्या टॉवेलचे पीळ द्यायला लावा, मनगट त्याने तयार होतं. कव्हरला धडक शिकवताना दोन्ही पाय जमिनीवर, खांदा बरगडीला, हात छातीशी. हवेत उडी मारून दिलेली धडक हुकली की कव्हरच लॉबीतून बाहेर जातो.

धडकेला पोरं एकमेकांवर झिजवू नका. पुतळा करा. पोत्यात वाळू, भोवती दोन जुन्या चादरी घट्ट गुंडाळून सुतळीने तीन जागी आवळायच्या. उंची कंबरेच्या जरा वर. एकाला सहा धडका, मग दीड मिनिट विश्रांती. दमलेल्या अंगाने धडक शिकवली की डोकं पुढे घालायची सवय लागते.

काळ्या मातीबद्दल: पावसात चिकटते, उघडीप पडली की भेगाळते, आणि भेगेत पाय अडकला की घोट्याचं काम झालंच. निदान मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत एका अर्ध्या भागावर चाळलेली लाल माती तीन-चार इंच पसरा. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, सरावाआधी कुदळीने हलवून फळी फिरवा. बचाव त्याच अर्ध्यात, दुसरा अर्धा चढाईच्या पायांसाठी.

थोडं विषयांतर. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या हातात घेऊन पळायच्या फुटबॉलमध्ये, आक्रमणाच्या पुढच्या फळीत पाच जण असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. चेंडू फेकणाऱ्यापर्यंत कोणाला पोचू द्यायचं नाही हे त्यांचं काम. या पाच जणांना बहुधा स्वतंत्र प्रशिक्षक असतो, कारण फळीचं काम बाकी संघापेक्षा वेगळं. समोरचे दोघं मुद्दाम एकमेकांना ओलांडून घुसतात तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापल्या माणसामागे पळायचं नसतं. आपली जागा धरून माणूस शेजाऱ्याच्या हवाली करायचा असतो. पाठलाग केला की मधे खिंडार. आपल्या साखळीत चढाईपटू डावीकडून उजवीकडे गेला की डावा इन त्याच्यामागे ओढला जातो, तीच चूक. हवाली करताना बोलायचं. शब्द दोनच ठेवा, "सोडला" आणि "घेतला". बोलणार फक्त दोन्ही इन. सगळे ओरडले की कोणाचंच ऐकू येत नाही.

शिट्टीवाले सर:
खूप आभार. वही केली. दोन सामन्यांत २३ फसलेल्या पकडी, त्यात "दुसरा उशिरा" ११ आणि "घाई" ७. म्हणजे रोग कळला. आता घाईचं काय करू? दोन्ही कोपरे जिगरबाज आहेत, चढाईपटू दिसला की थांबवत नाही त्यांना. आणि मुलींच्या संघालाही हेच चालेल का?

डावा कोपरा:
घाईसाठी चढाई ३० सेकंदांची असते हे अंगात मुरवावं लागतं. पहिले १५ सेकंद हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी बचाव. तुम्ही मोठ्याने सेकंद मोजा, पंधरा म्हणताच हात मोकळे. चार दिवसांत कळतं की निम्मे चढाईपटू तोवर रिकामेच परत निघालेले असतात. त्याच्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्याला गुण आणावाच लागतो, नाही तर तो बाद. थांबण्यात सर्वांत जास्त फायदा याच चढाईत, आणि पोरं उड्या मारतात तीही याच चढाईत. म्हणून सरावात निम्म्या चढाया "तिसरी" असं आधी जाहीर करूनच घ्या.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर पहिले दोन हात-पाय आणि पट्टी, पुढचे दोन तिघांचा सराव, पाचवा पूर्ण सात जणांचा. सहाव्यात नवं काही शिकवू नका, आणि शेवटचे तीन दिवस धडक बंद.

रेषापंच:
मुलींचं मैदान १२ × ८, लॉबी सोडून रुंदी ६ मीटर. सात जणींना एकेकीला ८५ सेंटिमीटरच येतात. सव्वा मीटरची पट्टी तिथे लोंबेल, ९० सेंटिमीटरची घ्या. निदान रेषा ३ मीटरवर आणि बोनस ४ वर, म्हणजे मध्यरेषा आणखी जवळ. पकड खोलातच हवी हे त्यांना दुप्पट लागू. डाव २० ऐवजी १५ मिनिटांचा, तेव्हा दमसासाचा सरावही त्या बेताने.

शिट्टीवाले सर:
चादरी मिळाल्या, ढीगभर. पोत्यात वाळू किती भरायची?

तालमीतला:
मुलांना २५ किलो, मुलींना १८ पासून. कोरडीच भरा, ओली वाळू खाली बसून दगड होते. आणि सुतळीची गाठ मागच्या बाजूला घ्या, पुढे ठेवली तर पहिल्याच दिवशी कोणाचा तरी खांदा सोलून निघेल.