मदत हवी: दोन रिब्सच्या मधली फिल्म दबते, पंखाचा आकार बिघडतो, काय करावं?

नमस्कार मंडळी. मी वरूडकडचा, घरचा संत्र्याचा बगीचा. बगीच्यावर हळूहळू घिरट्या घालत जास्तीत जास्त वेळ हवेत राहील असं बॅटरीवरचं विमान बनवून राहिलो, खाली कॅमेरा, कोणती झाडं पिवळी पडून राहिली ते वरून दिसलं म्हणजे झालं.

बाल्साच्या (एकदम हलक्या लाकडाच्या) रिब्स, म्हणजे पंखाला गोलाईचा आकार देणाऱ्या पुढून मागं जाणाऱ्या पट्ट्या, कार्बनचा स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य दांडा, वरून इस्त्री फिरवून ताणलेली पॉलिएस्टर फिल्म. कॉर्ड (पंखाची पुढून मागं रुंदी) 25 सेंमी, वेग सेकंदाला 8 मीटर, दर 10 सेंमीवर एक रिब. म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (वेग, कॉर्ड अन् हवेचा चिकटपणा यावरून निघणारा आकडा) 1 लाख 20 हजारच्या आसपास, अन् इथंच सगळी गोम आहे राजेहो, एवढ्या कमी नंबरवर हवा वरच्या बाजूनं पंख सोडते, जमलं तर मागं पुन्हा चिकटते, त्यामुळं पुढच्या भागात एक-दीड मिलिमीटरचा फरकसुद्धा महागात पडतो असं वाचलंय.

आता फिल्म पुढून मागं ताणली की वरच्या गोलाईवर ती दोन रिब्सच्या मधे खाली बसते, नाकाजवळ (पंखाच्या पुढच्या कडेजवळ) गोलाई जास्त म्हणून तिथं सगळ्यात जास्त. उडताना वरचं सक्शन तिला बाहेर ओढणार हे बरोबर, पण 8 मीटरला हवेचा डायनॅमिक प्रेशर (वेगामुळं येणारा दाब) 35 पास्कलच, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन किलोचं वजन, तेवढ्यानं ती वर येईल का? पुन्हा दुपारी ऊन चढलं की फिल्म ढिली, सकाळी तट्ट. मग कोणता आकार खरा धरायचा, मले तेच उमजत नाही.

ताण तोच ठेवला तर हवेच्या दाबानं येणारा फुगा रिब्सच्या अंतराच्या वर्गावर जातो, अंतर अर्धं केलं की फुगा पाव. म्हणून स्पारच्या पुढं, दोन रिब्सच्या मधे, अर्ध्या रिब्स (नाकापासून स्पारपर्यंतच्याच) टाकायचं मनात आहे. दुसरा उपाय नाकापासून स्पारपर्यंत पातळ बाल्साचं शीटिंग (फळीचं आवरण), पंख पिळवटायचाही कमी होईल, पण वजन वाढते, अन् हळू उडायचं तर एकेक ग्रॅम नडते. कोणी मल्चिंग पेपर (शेतात अंथरायचं प्लास्टिक) सुचवला, तो नको, एकदा ताणला की लांबतो तो परत येतच नाही.

पायानं पॅडल मारून चालणारं गॉसमर अल्बाट्रॉस 12 जून 1979 ला इंग्लिश खाडी पार करून गेलं, पावणेतीन तासाच्या वर हवेत होतं, अंगावर पातळ मायलरच, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच! मले तर हे वाचून किती दिवस झोप नव्हती. म्हणजे फिल्म चालते, फक्त नाक नीट पाहिजे असं मले वाटते.

तर ज्यांनी फिल्मचे पंख उडवले त्यांनी सांगा, अर्ध्या रिब्स का शीटिंग? अन् पंखाच्या वर पाव कॉर्डवर टर्ब्युलेटरची (हवा मुद्दाम खळबळवणारी) पट्टी लावली तर दबलेल्या फिल्मचा तोटा भरून निघते का, का ती पट्टी फक्त गुळगुळीत पंखालाच कामाची? फिल्म उन्हात ढिली पडू नये म्हणून इस्त्री कितीवर ठेवता तेही सांगा. अमरावती-नागपूरकडं कोणी असेल तर पंख घेऊन तिकडं यायची तयारी आहे.