मदत हवी आहे : जीप आणि पिकअप जोडून फोर-बाय-फोर, मागच्या शाफ्टची थरथर आणि हाय-फोरमध्ये जाम

कातळवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून एक पिकअप उभी केली आहे. गाडी फक्त ऑफ-रोडसाठी आहे, रस्त्यावर आणायची नाही. सांगाडा चालतो आहे, हौदा अजून बसायचा आहे. त्याआधी खालचे दोष काढायचे आहेत. जाणकारांनी मदत करावी.

चासी : बोलेरो पिकअपची, मागून आखूड केलेली. व्हीलबेस आता २७०० मिमी.
इंजिन : महिंद्रा डीआय, २५२३ सीसी, टर्बोशिवाय.
गिअरबॉक्स : फोर-बाय-फोर जीपचा, मागे डाना १८ जातीची ट्रान्सफर केस (जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी).
पुढचा हौसिंग (चाकांमधलं अ‍ॅक्सलचं आडवं कवच) : जीपचा. मागचा : पिकअपचा.
पाटे (लीफ स्प्रिंग) : दोन्हीकडे हौसिंगच्या वर घेतले आहेत. मागच्या बैठका (पाटे टेकतात ते कंस) फक्त टॅक म्हणजे तात्पुरत्या टाक्यांनी जोडल्या आहेत, पुढच्या पक्क्या.
टायर : ३१ इंची.

तक्रारी अशा :
१) टू-व्हीलमध्ये ३५ ते ५० च्या वेगात मागून जोरदार थरथर. रेस सोडली की आवाज बदलतो, जात नाही. क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे) नवे आहेत, शाफ्ट बॅलन्स केलेला आहे.
२) हाय-फोर (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) टाकून कडक मुरमावर शंभरेक मीटर गेलं की स्टेअरिंग जड होतं आणि दांडा निघत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.
३) लो-फोर (चारही चाकांना जोर, संथ वेग) पहिल्या गिअरमध्ये चढावर मागची चाकं धाडधाड उडतात.
४) रिकाम्या गाडीला ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात.

गिअरगणित

दोन नंबरची तक्रार आधी सोडवा. तशीच चालवलीत तर ट्रान्सफर केस फुटेल.

डाना १८ मध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या वेगातला फरक सोसणारा गिअरसंच, नसतो. फोर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे दोन्ही हौसिंगचं क्राऊन-पिनियन (आतलं मोठं आणि छोटं दातेरी चाक) गुणोत्तर एकच असावं लागतं. जीपमध्ये ५.३८, ४.८८, ४.२७ असे प्रकार येतात आणि हौसिंगवरचा पत्रा बहुधा गळून पडलेला असतो. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका, मोजा.

गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केस टू-हाय. एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर उटी लावून. शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवा. एक चाक अडलेलं असल्यामुळे क्राऊन १० फेरे फिरतो. शाफ्टचे जितके फेरे होतील त्याला १० ने भागा. पुढे फ्री-व्हील हब असतील तर लॉक करून मोजा. एकदोन फेऱ्यांवर अंदाज बांधू नका, ४.५६ आणि ४.८८ मध्ये तिथेच गल्लत होते.

प्रोपेलर

थरथरीसाठी आकडे हवेत. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर पूर्ण वजन, हौद्याच्या जागी त्याच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या. घोडीवर ठेवून घेतलेला कोन काही कामाचा नाही, कारण हौसिंग लोंबला की पिनियनचं नाक हलतं.

मोजायचं ते असं : ट्रान्सफर केसच्या मागच्या यॉकचा (क्रॉस धरणारं दोन कानांचं टोक) कोन, पिनियनच्या यॉकचा कोन, शाफ्टची क्रॉस ते क्रॉस लांबी, दोन्ही यॉकच्या उंचीतला फरक, आणि आडवा फरक. शेवटच्यासाठी दोन्ही यॉकच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खुणा करा आणि चासीच्या मध्यरेषेपासून मोजा. डाना १८ चं मागचं तोंड मध्यावर नसतं, उजवीकडे सरकलेलं असतं. पिकअपचा गोळा (हौसिंगचा क्राऊन-पिनियनवाला फुगीर भाग) तुमच्याकडे कुठे येतो ते कळू द्या.

कातळवाट

मोजलं. मागे २० फेऱ्यांना शाफ्टचे ४२ आणि पाऊण, पुढे ४८ आणि पाऊण.

ट्रान्सफर केसचा यॉक मागच्या बाजूला ३ अंश खाली झुकलेला. पिनियनचं नाक ८ अंश वर. शाफ्ट १२५० मिमी. उंचीत फरक १४० मिमी. आडवा फरक १५० मिमी. पिकअपचा गोळा जवळजवळ मध्यावर आहे आणि केसचं तोंड उजवीकडे.

पिनियन मुद्दाम वर उचलला होता. शाफ्टकडे तोंड केलं की क्रॉसवर ताण कमी येतो असं वाचलं होतं.

गिअरगणित

मग मागे ४७/११ (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) म्हणजे ४.२७ आणि पुढे ३९/८ म्हणजे ४.८८. मागची चाकं १०० मीटर जातात तेवढ्यात पुढची साडेसत्त्याऐंशी मीटरच जाऊ पाहतात. उरलेले बारा मीटर टायरने घसरून भरून काढायचे. चिखलात ते खपतं. मुरमावर घसरायला जागा नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरच्या दातांत साठतो आणि दांडा अडकतो. पुढेमागे वेगळ्या मापाचे टायर लावून जुळवायच्या भानगडीत पडू नका. फोर-बाय-फोरचा दांडा जुळणी होईपर्यंत बांधून ठेवा.

प्रोपेलर

पिनियन शाफ्टकडे वळवायचा नियम आहे, पण तो डबल कार्डन शाफ्टचा, म्हणजे ज्याला केसच्या टोकाशी दोन क्रॉस एकत्र असतात त्याचा. तुमच्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस आहे. तिथे पिनियन आणि केसचा यॉक एकमेकांना समांतर हवेत. केस मागे ३ अंश खाली असेल तर पिनियनचं नाक ३ अंश वर.

तुमचे आकडे मांडतो. शाफ्टचा उतार १४० भागिले १२५०, म्हणजे ६.४ अंश. उभ्या दिशेत पुढच्या क्रॉसला ३.४ अंश येतात, मागच्याला उलट्या बाजूने १.६. आडव्या दिशेत दोघांनाही ६.८. उभा-आडवा एकत्र धरला तर पुढे ७.६ आणि मागे ७ अंश.

आकडे जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून बॅलन्सिंगवाल्याला दोष सापडला नसेल. पण ते कोन एका पातळीत नाहीत, दोन पातळ्यांमध्ये सुमारे ४० अंशांचा फरक पडतो. क्रॉस वाकून फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. पुढच्या क्रॉसने केलेली ही गडबड मागच्याने नेमकी उलटी करून खोडायची असते. पातळ्याच वेगळ्या असल्या तर ती अर्धवट खोडली जाते. उरलेली थरथर तुम्हाला जाणवते आहे.

आणखी एक बघा. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) उघडून परत बसवताना स्प्लाइन (त्याच्या खाचा) चुकली तर एकाच शाफ्टवरचे दोन यॉक एका ओळीत राहत नाहीत. शाफ्ट फरशीवर ठेवून एका टोकाचे कान आडवे करा. दुसऱ्या टोकाचेही कान आडवेच दिसले पाहिजेत. जुन्या शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, त्या रंगाखाली झाकल्या जातात. पटाशीने खरवडून बघा.

लेथ_आणि_भाता

बैठका टॅकवर ठेवल्यात ते बरं केलंत. आता माझं सरळ मत : पिकअपचा मागचा हौसिंग काढा आणि डाना १८ वाल्या जीपचा, उजवीकडे गोळा असलेला, ३९/८ चा हौसिंग घाला. आडवे दीडशे मिमी जवळजवळ संपतात, गुणोत्तरही जुळतं. मग क्रॉसला उभे तीन-साडेतीन अंशच राहतात.

रानगाडी

याला माझा विरोध. गाडी पिकअप आहे, हौद्यात माल पडणार. जीपचा हौसिंग पिकअपच्या वजनासाठी केलेला नाही. जुन्या जातीत हब टेपरवर चावीने बसतो. नट सैल राहिला की चावी कापली जाते आणि हब अ‍ॅक्सलवर मोकळा फिरतो. शिवाय मागचा ट्रॅक कमी-जास्त होईल तो वेगळाच. त्यापेक्षा पुढच्या हौसिंगमध्ये ४७/११ चा जोड बसवा. आडवा कोन दोन्ही टोकांना सारखाच आहे. पिनियन समांतर केला की ऑफ-रोडच्या वेगात तो चालून जातो.

गिअरगणित

दोन्ही बाजू बरोबर आहेत, वजनावर ठरवा. वेगाचं गणित देतो. ३१ इंची टायरचा दबलेला घेर सुमारे २.३८ मीटर. टॉप १:१ धरून २००० आरपीएमला ४.२७ वर ६७ किमी, ४.८८ वर साडेअठ्ठावन्न. डाना १८ चा लो २.४६. पहिला गिअर ४ च्या आसपास धरला तर एकूण ४२ किंवा ४८. म्हणजे ८०० आरपीएमला ताशी २.७ किंवा २.४ किमी. कातळावर हा फरक जाणवतो, पण फार मोठा नाही.

एक सावधगिरी. पुढचा जोड बदलायचा तर डिफरन्शियलची केस त्या गुणोत्तराला चालते का ते आधी तपासा. काही गुणोत्तरांना क्राऊनची जाडी बदलते, मग केसही दुसरी लागते. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल लावूनच बघा. दातांना रंग लावून ठसा मधोमध येईपर्यंत शिम (पातळ चकत्या) बदला. हाताने हलवून 'बरोबर वाटतंय' म्हणणारा फिटर असेल तर दुसरा शोधा.

कातळवाट

हौद्यात ३००-४०० किलोपेक्षा जास्त कधीच नाही. पुढचा पर्याय घेतो : मागे पिकअपचाच हौसिंग, पुढे ४७/११. आता बैठका पक्क्या कशा करायच्या आणि पिनियन किती अंशांवर ठेवायचा?

प्रोपेलर

३ च्या ऐवजी दीड अंशावर ठेवा. पाट्यांवरचा हौसिंग जोर आला की नाक वर उचलतो, तेव्हा चालत्या गाडीत तो तीनच्या जवळ येईल. पाटे वर घेतलेल्या गाडीत हे उचलणं जास्त असतं.

लेथ_आणि_भाता

वेल्डिंगचं सांगतो. तेल काढा, सील आणि अ‍ॅक्सल बाहेर. बैठक फक्त पाइपवर येऊ द्या, गोळ्याच्या बिडाच्या भागावर टाका मारू नका, थंड होताना तडकतो. ७०१८ जातीचा ३.१५ मिमीचा वेल्डिंग रॉड, भट्टीत वाळवलेला. एका वेळी २५-३० मिमी टाका, मग दुसऱ्या बाजूच्या बैठकीवर जा. पाइपला हात लावता येईल इतका निवला की पुढचा. एका दमात भरलंत तर पाइप केळ्यासारखा वाकतो, चाकांचा टो (सरळ रोख) बिघडतो आणि अ‍ॅक्सल सील खात राहतो. पाणी मारून थंड करू नका.

चासी आखूड करताना जोड कसा घातला आहे? सरळ उभा कापून टोकाला टोक लावलं असेल तर तिथेच तडा जाणार. पट्टी चासीच्या जाडीचीच, दोन्ही टोकं निमुळती, आणि वरच्या-खालच्या पाटीवर आडवं वेल्डिंग नको. कर्ण मोजा, दोन्हीत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

रानगाडी

चाकं उडण्याचं कारण पाटे एस आकारात पिळणं. दणकट पाटे घालून तात्पुरतं दबतं आणि गाडी दगड होते. त्यापेक्षा टॉर्क दांडी लावा : हौसिंगवर पाइपच्या वर आणि खाली दोन ठिकाणी घट्ट, पुढचं टोक ट्रान्सफर केसच्या क्रॉसमेंबरला (चासीची आडवी पट्टी) शॅकलने म्हणजे झुलत्या कडीने. लांबी साधारण शाफ्टएवढी. पुढचं टोक थेट बोल्टने बांधलंत तर हौसिंग मोकळा हलणार नाही आणि कंस फाटेल.

ब्रेक : पिकअपला भारानुसार मागचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, चासीवर व्हॉल्व्ह आणि हौसिंगपर्यंत सळी. तुम्ही तो काढून सरळ पाइप जोडला असणार. परत लावा. पाटे वर घेतल्याने चासी उंच झाली आहे, म्हणून सळीचा कंस तेवढाच वाढवा, म्हणजे रिकाम्या गाडीत सळी मूळ कोनात येईल.

हौदा चासीला सहा-आठ बोल्टने आवळू नका. मागे दोन आणि पुढे मध्यात एक, असे तीन आधार रबरासह. चासी पिळली की पक्का बांधलेला हौदा एक तर स्वतः फाटतो, नाही तर केबिनच्या मागच्या काचेला मारतो.

नियमवही

रस्त्यावर आणायची नाही म्हणालात, ते पाळाच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए(४) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या वर्षीची नियमावली आधी मागवा आणि रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा पिंजरा) त्याप्रमाणेच करा. एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या मापात मुख्य कमान ४५ x २.५ मिमी किंवा ५० x २ मिमी सीमलेस पाइपची असते. फर्निचरचा पाइप बाहेरून तसाच दिसतो, तो नको.

कातळवाट

सगळ्यांचे आभार. चासीचा जोड तिरका कापलेला आहे, पट्टी मात्र चौकोनी टोकांची आहे, ती निमुळती करून घेतो. व्हॉल्व्हचा अंदाज बरोबर, सरळ पाइपच आहे. शेवटचा प्रश्न : पिनियन खाली आणल्यावर शाफ्टची लांबी बदलेल. स्लिप किती ठेवायचा?

प्रोपेलर

बैठका पक्क्या झाल्यावरच शाफ्ट कापा, आधी नाही. पाटे पूर्ण दबलेल्या स्थितीत स्लिप आत टेकायला २०-२५ मिमी शिल्लक हवी. मागून चासी उचलून हौसिंग पूर्ण लोंबकळू द्या, तेव्हाही निम्म्याहून जास्त स्प्लाइन आत हवी. दोन्ही जमत नसेल तर लांब स्प्लाइनचा स्लिप घ्या. त्याच लोंबत्या स्थितीत शाफ्ट हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा, यॉकचे कान कुठे घासतात का. पाटे हौसिंगला बांधणारे यू-बोल्ट नवे घाला, जुने ताणलेले असतात. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर गाडी वजनावर ठेवून ते परत आवळा.