कॅरमच्या खेळासाठी कोणते फिजिक्स इंजिन घ्यावे?

रामबागकर (इंदूर):
आमच्या मंडळातील कॅरमप्रेमींसाठी मी मोबाइलवरचा कॅरम तयार करीत आहे. पटाची बाजू ७४ सेंटिमीटर, सोंगटीचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, अशी खरी मापे घेऊन मी बॉक्स टू-डी हे फिजिक्स इंजिन, म्हणजे वस्तूंच्या हालचाली आणि टकरी मोजणारी तयार प्रणाली, जोडले. परंतु हळू गेलेली सोंगटी कडेला लागून परतण्याऐवजी तिथेच चिकटते, आणि जोरात मारलेली सोंगटी शेवटी, पटावर पावडर जास्त झाल्यासारखी, बराच वेळ रेंगाळते. त्याऐवजी बुलेट किंवा जोल्ट हे इंजिन घ्यावे काय? पुढे बडोद्याच्या नातेवाइकांशीही ऑनलाइन खेळता यावे, अशी इच्छा आहे.

सोंगटीबाज:
इंजिन बदलू नका. बुलेट आणि जोल्ट त्रिमितीय आहेत आणि तुमचा पट सपाट आहे. बॉक्स टू-डी हे ०.१ ते १० मीटर आकाराच्या हलत्या वस्तूंसाठी जुळवलेले आहे, शिवाय सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेगाची टक्कर ते मुळातच बिनउसळीची धरते. रचलेले ठोकळे थरथरत राहू नयेत म्हणून ही सोय केलेली आहे, पण कॅरममधले निम्मे नाजूक फटके नेमके या मर्यादेखाली येतात. ती मर्यादा उतरवा आणि सर्व लांबी व वेग दहापट करा.

रेंगाळण्याचे कारण निराळे आहे. तुम्ही बहुधा लिनियर डॅम्पिंग, म्हणजे इंजिनातली वेग हळूहळू कमी करणारी सोय, वापरली असावी. त्यात वेग जितका कमी, तितकी घटही कमी होते. लाकडावर घसरणाऱ्या सोंगटीचा वेग मात्र दर सेकंदाला सारख्याच रकमेने उतरतो आणि ती ठाम थांबते. म्हणून डॅम्पिंग शून्य ठेवून गणनेच्या प्रत्येक पायरीला वेगातून ठरावीक रक्कम स्वतः वजा करा. स्ट्रायकरला बॉक्स टू-डीमधली ‘बुलेट’ ही वेगवान वस्तूंसाठीची खूणही लावा (बुलेट इंजिनाशी तिचा संबंध नाही), कारण सेकंदाला ५ मीटर वेगाने तो सेकंदाच्या साठाव्या भागात, म्हणजे एका पायरीत, ८ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे मधली सोंगटी न शिवताच ओलांडू शकतो.

ग्वाल्हेरी:
माझे मत वेगळे आहे. १९ सोंगट्या आणि एक स्ट्रायकर मिळून २० वर्तुळे, त्यांच्या १९० जोड्या आणि चार कडा, एवढ्यासाठी तयार इंजिन हवेच कशाला? इंजिनाची खरी करामत ठोकळ्यांचे ढीग, सांधे आणि वेड्यावाकड्या आकारांत दिसते; इथे त्यातले काहीच नाही. दोन वर्तुळांची टक्कर कोणत्या क्षणी होईल, हे थेट समीकरण सोडवून काढता येते. खरी कसोटी पहिल्या फटक्याची आहे: राणीभोवती एकमेकींना चिकटलेल्या सोंगट्यांत एकाच वेळी अनेक टकरी होतात, आणि त्या ज्या क्रमाने सोडवाल त्यानुसार फूट एकांगी दिसू शकते. हा दोष तयार इंजिनातही आढळतो. खऱ्या मांडणीतही सोंगट्यांमध्ये केसभर फटी असतातच, तेव्हा मांडतानाच तशा सूक्ष्म फटी ठेवाव्यात.

बडोदेकर:
ऑनलाइन खेळाच्या मुद्द्याला कोणी स्पर्श केला नाही. दोन भिन्न प्रोसेसरांवर दशांशी गणित शेवटच्या अंकात वेगळे आले, तर पाचसहा टकरींनंतर एकाच्या पटावर राणी पॉकेटात आणि दुसऱ्याच्या पटावर बाहेर, असे घडते. तथापि कॅरम पाळीपाळीने खेळतात. मारणाऱ्याचा फोन फटक्याची दिशा, जोर आणि सर्व सोंगट्यांच्या अंतिम जागा पाठवील. समोरचा फोन तोच फटका दाखवून शेवटी सोंगट्या त्या जागांवर आणील. अनोळखी खेळाडू आले, तर मात्र हा हिशेब सर्व्हरकडे सोपवा, नाहीतर राणी प्रत्येक वेळी लबाडाच्याच पदरात पडेल.